जुनं जेट फायटर परत उडवायचंय? आधी कागद, मग लाकूड, रंग सगळ्यात शेवटी

आपल्याकडे शहराच्या चौकात, कॉलेजच्या गेटवर, एखाद्या बागेत खांबावर चढवलेलं जेट विमान दिसतं आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, की हे परत उडवता येईल का हो? उत्तर सरळ सांगतो, ते नाही येणार. खांबावर चढवताना त्याचं इंजिन काढलेलं असतं, पोटाला भोकं पाडून लोखंडी अँगल वेल्ड केलेले असतात, आणि वर्षानुवर्षं ऊन-पावसात उभं राहून आतल्या सांध्यांत काय झालंय ते कुणी बघितलेलं नसतं. पण तेच मॉडेल दुसरीकडे कोरड्या हँगरमध्ये, कागदपत्रांसकट नीट ठेवलेलं असेल तर मात्र हो, येतं उडवता. ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत लोकांनी हे केलेलं आहे. ते काम कसं चालतं हे मराठीत कुठे एकत्र वाचायला मिळत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

उदाहरण म्हणून डी हॅविलँड कंपनीचं व्हॅम्पायर हे ब्रिटिश जेट फायटर घेऊ. एक तर आपला त्याच्याशी जुना संबंध आहे, १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात आलेलं पहिलं जेट हेच, नंतर बंगळुरूला एचएएलने लायसन्सवर ते बनवलं, आणि १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानविरुद्धच्या छांबच्या लढाईत पठाणकोटवरून उडालेल्या व्हॅम्पायरपैकी ४ परत आली नाहीत. ही विमानं ज्या ४५ नंबरच्या स्क्वाड्रनची होती ती त्याच्या थोडं आधीपर्यंत पुण्यात होती. दुसरं कारण व्यवहाराचं आहे, पहिल्या पिढीतल्या जेटपैकी पहिल्यांदा हात घालायला व्हॅम्पायरइतकं समजूतदार विमान शोधून सापडणार नाही असं माझं मत आहे. इंजिन एकच, पंख सरळ, वेग आवाजाच्या खाली, बनली ३,२०० च्या वर त्यामुळे सुटे भाग अजून निघतात, आणि मागचं कावलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उतरवलं की इंजिन पूर्ण उघडं पडतं.

आता मॉडेल निवडताना लोक चुकतात ते इथे, की दिसायला भारी काय आहे ते बघतात. आधी इंजिनाचं बघा. जर्मनीचं मेसरश्मिट २६२ कुणाला नको असेल, पण त्याच्या युमो ००४ इंजिनाला युद्धकाळात निकेल, क्रोमियम पुरेसं मिळालं नाही त्यामुळे त्याचं आयुष्य १०-२५ तासांच्या आसपास असायचं, आणि आज म्हणूनच जी उडतात ती नवीन बांधलेली आहेत, आत अमेरिकन जे८५ इंजिन बसवून. ग्लॉस्टर मीटिअर चांगलं विमान, पण दोन इंजिनं म्हणजे दुप्पट काम, आणि एक इंजिन बंद पडलं की कमी वेगात ते सांभाळायला खरोखर हात बसलेला पायलट लागतो. मिग-१५ स्वस्तात मिळतं, टी-३३ चे भाग अमेरिकेत भरपूर मिळतात, दोन्ही पर्याय वाईट नाहीत. पण व्हॅम्पायरमध्ये एक गोष्ट अशी आहे जी बाकी फारच थोड्या जेटमध्ये तुम्हाला इतकी भेटेल, ती म्हणजे लाकूड. पायलट बसतो तो पुढचा पूर्ण भाग लाकडी आहे! त्यावर खाली येतोच.

विमान कुठून घ्यायचं? स्वित्झर्लंडच्या हवाई दलाने व्हॅम्पायर १९९० पर्यंत वापरली, नीट वापरली, आणि मग विकून टाकली. आज उडणारी बरीचशी त्या घरातली आहेत. कोरडी हवा, हँगरमध्ये मुक्काम, आणि नोंदी व्यवस्थित. कुणी समुद्राजवळच्या गावातलं, बाहेर ठेवलेलं विमान निम्म्या किमतीत देतोय म्हणाला तर नको म्हणा, ते निम्म्यात घेऊन दुप्पट पैसे घालवाल.

किंमत ठरवायच्या आधी मागायची गोष्ट म्हणजे लॉगबुकं. विमानाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं, आणि ज्या ज्या भागाला स्वतःचं आयुष्य ठरवून दिलेलं आहे त्या प्रत्येकाचं कार्ड. इथे दोन हिशोब चालतात. एक तासांचा, म्हणजे किती उडालं, आणि दुसरा कॅलेंडरचा, म्हणजे किती वर्षं झाली. नवखी माणसं फक्त तास बघून खूश होतात की अरे वा हे तर थोडंच उडालंय. पण रबर, सील, डायाफ्राम, हे सगळं नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं, उलट पडून राहिलेलंच जास्त त्रास देतं. आणि नियम एकदम साधा ठेवा, ज्या भागाचा कागद नाही त्या भागाचं आयुष्य शिल्लक नाही असं धरायचं, कितीही चकचकीत दिसत असला तरी. कागद नसलेलं अख्खं विमान असेल तर ते म्युझियमला द्या, त्याला रंग लावा, लोक बघतील, उडवायचा विचार सोडा. सोबत त्या मॉडेलची ओरिजिनल देखभाल मॅन्युअल, दुरुस्तीचं मॅन्युअल, भागांची यादी आणि पायलट्स नोट्स मिळवा, फोटोकॉपी चालेल पण पानं पूर्ण पाहिजेत आणि नंतरच्या बदलांची पत्रकं लागलेली पाहिजेत.

हे चालू असतानाच त्या देशाच्या विमान खात्याशी बोलायला सुरुवात करा. काम झाल्यावर जाऊ असं नका करू. ब्रिटनमध्ये अशा विमानाला नेहमीचं प्रमाणपत्र मिळत नाही, परमिट टू फ्लाय मिळतं, आणि तिथल्या विमान खात्याचं, म्हणजे सीएएचं, कॅप ६३२ म्हणून जे डॉक्युमेंट आहे त्यात माजी लष्करी विमान कसं चालवायचं, कुणी जबाबदारी घ्यायची ते आहे. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल वर्गातलं एक्झिबिशनचं सर्टिफिकेट घेतात. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर रस्त्यावर पडून ११ माणसं गेली, त्यानंतर ब्रिटनमध्ये सगळंच कडक झालंय आणि ते योग्यच आहे, कारण गेलेली माणसं खाली रस्त्यावरची होती. म्हणून काम ज्याच्या सहीने होणार ती मान्यताप्राप्त संस्था आणि तो लायसन्सवाला इंजिनिअर पहिल्या दिवसापासून सोबत पाहिजे. तुम्ही स्वतः कितीही हुशार मेकॅनिक असा, तुमच्या कामावर दुसऱ्याची नजर आणि सही पाहिजेच.

आता लाकूड. मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त जीव लागतो तो इथे.

व्हॅम्पायरचा पुढचा भाग डी हॅविलँडच्याच मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी विमानाच्या पद्धतीने बनवलेला आहे, म्हणजे बाहेर आणि आत बर्चचा पातळ प्लाय आणि मधे बाल्साचं अगदी हलकं लाकूड, सगळं साच्यावर गोंदाने चिकटवून. वजनाला हलकं आणि भयंकर मजबूत. पण पाणी शिरलं की खेळ खलास, आणि ते बाहेरून दिसत नाही कारण वर कापड, ते ताणून धरणारा डोप नावाचा लेप आणि रंग असतो. १९४४ मध्ये भारतातली मॉस्किटो विमानं हवेत तुटायच्या घटनांनंतर जमिनीवर उभी करून ठेवली होती, तेव्हा दमट हवेने गोंद सुटला की मुळात कारखान्यात चिकटवणंच कच्चं होतं यावर मोठा वाद झाला. तुमच्या दृष्टीने दोन्ही शक्यता तपासायच्या.

तपासायचं कसं? पहिलं, विमान गरम-कोरड्या हँगरमध्ये आणून काही आठवडे नुसतं ठेवा, लगेच उघडू नका. मग मॉइश्चर मीटर घेऊन बसा आणि वीत-वीत अंतरावर चौकोन आखून प्रत्येक ठिकाणचं रीडिंग कागदावर उतरवा. ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर छान, २० च्या वर गेलं म्हणजे बुरशीला घर मिळालं, तिथे खोलात जायचं. पाणी कुठे साठतं त्याचा विचार करा, कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, फ्रेमच्या खाली, कॉकपिटच्या तळाला, पाणी निघायच्या भोकांच्या कडेला, आणि जिथे जिथे धातूचं फिटिंग लाकडात बोल्टने बसवलंय तिथे. मीटर झाला की कान वापरा. एक नाणं किंवा छोटी प्लास्टिकची हातोडी घ्या आणि हलक्या हाताने ठोकत जा, पूर्ण शांततेत, रेडिओ बंद करून. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, आणि प्लाय सुटलेला असेल तिथे बद्द आवाज येतो, तडा गेलेल्या माठासारखा. एकदा तो फरक कानाला कळला की मग चुकत नाही. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा, दुसऱ्या माणसाला न सांगता त्याच्याकडून परत तपासून घ्या आणि दोघांच्या रेघा जुळतात का बघा.

दुरुस्ती करताना खराब भाग कापून नुसता चौकोनी तुकडा ठोकून बसवायचा नाही. कडा तिरक्या तासायच्या, साधारण १ ला १२ च्या उताराने, म्हणजे ३ मिलीमीटरच्या प्लायला ३६ मिलीमीटर लांब उतार, आणि नव्या तुकड्याला तोच उतार उलटा. विमानाच्या दर्जाचाच बर्च प्लाय, दुकानातला मरीन प्लाय सुद्धा चालणार नाही. गोंद मॅन्युअलमध्ये किंवा मंजुरीत जो असेल तोच. एरोलाइट नावाचा गोंद वापरत असाल तर त्याची पद्धत निराळी असते, एका बाजूला पाण्यात कालवलेला गोंद लावायचा आणि दुसऱ्या बाजूला फॉर्मिक अॅसिडचा हार्डनर, मग दोन्ही एकमेकांवर टेकवून क्लॅम्प. टेकवल्यावर घड्याळ सुरू झालं समजा, मग सरकवासरकव नाही. हँगरचं तापमान थंडीत खाली गेलेलं असेल तर त्या दिवशी गोंदाचं काम काढूच नका.

आणि एक गोष्ट कधीही टाळू नका, ज्या डब्यातला गोंद विमानाला लावला त्याच डब्यातल्या गोंदाने, त्याच वेळी, तसल्याच लाकडाचे दोन-तीन तुकडे चिकटवून बाजूला ठेवा, तारीख टाका, आणि सुकल्यावर छिन्नी घालून फोडा. लाकूड फाटलं पाहिजे. गोंदाच्या रेषेवर गुळगुळीत सुटलं तर विमानावरचं कामही काढून परत करायचं, कितीही दिवस गेलेले असू देत. हे तुकडे फेकू नका, पिशवीत भरून नोंदीसोबत ठेवा.

मागचे दोन बूम (शेपटीपर्यंत जाणारे लांब दांडे), पंख, शेपूट हे सगळं अॅल्युमिनियम. इथे काम ओळखीचं आहे, बहुतेक विमान मेकॅनिकना येतं, म्हणून पटकन सांगतो. रंग केमिकलने काढायचा, घासून नाही, नाहीतर वरचा शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर निघून जातो. स्टीलचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसलेले जिथे आहेत तिथे गंज शोधा, मॅग्नेशियमची कास्टिंग असतील तिथे तर पांढरी पावडर दिसली की समजून जा. पंख मधल्या भागाला जिथे जोडला जातो ती फिटिंग, बोल्ट आणि मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा आतला कणा, यांची न दिसणारे तडे शोधायची डाय पेनेट्रंट, एडी करंट, लागेल तिथे अल्ट्रासाउंड, सगळी टेस्ट सर्टिफाइड माणसाकडून करून घ्या. यात काटकसर करणाऱ्याने हा नाद करू नये.

कॉकपिट उघडायच्या आधी दोन धोके ओळखा. पहिला इजेक्शन सीट. सुरुवातीच्या एक सीटच्या व्हॅम्पायरला त्या नव्हत्या, पण दोन सीटच्या टी.११ ला मार्टिन-बेकरच्या बसवल्या गेल्या. त्यात खरी स्फोटक काडतुसं असतात. सीट सुरक्षित आहे असं त्याचं ट्रेनिंग घेतलेला माणूस लिहून देत नाही तोपर्यंत कॉकपिटमध्ये कुणीही, अगदी फोटोसाठी सुद्धा, बसायचं नाही. जुन्या सीटची काडतुसं मिळणं आता फार अवघड झालंय त्यामुळे सीट चालू ठेवायची की बंद करून उडायचं हा निर्णय विमान खातं, इंजिनिअर आणि पायलट मिळून घेतात. दुसरा धोका रेडियमचा. त्या काळच्या डायलवर अंधारात चमकणारा रंग असायचा त्यात रेडियम असतं. आज तो चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण चमक जाते ती त्यातला दुसरा पदार्थ दमल्यामुळे, रेडियम निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. डायलची काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, गायगर काउंटरने मोजून अशी इन्स्ट्रुमेंट परवाना असलेल्या वर्कशॉपला पाठवायची. इंजिनाच्या आसपासच्या जुन्या गॅस्केट आणि उष्णतेपासून बचावाच्या गुंडाळीत अॅसबेस्टॉस असू शकतो, तिथे ओलं करून, मास्क लावून, टेस्ट करून मगच हात. ऑक्सिजनच्या पाइपांजवळ तेलाचा, ग्रीसचा हात अजिबात नको, शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो.

रबर म्हणाल तर सगळं नवीन. प्रत्येक होज, प्रत्येक सील. आणि ते हायड्रॉलिक तेलाला जुळणारं आहे ना ते बघून, चुकीचं रबर त्या तेलात फुगतं. इंधनाच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतील तर काढून घड्यांवर तडे बघा, प्रेशर टेस्ट करा. वायरिंग बदलाच, जुनं आवरण हातात चुरा होऊन येतं.

इंजिन गॉब्लिन. फ्रँक हाल्फर्डचं डिझाइन, हवा बाहेरच्या कडेला फेकून दाबणारं एकच मोठं सेंट्रीफ्युगल कॉम्प्रेसर चाक, ३१ इंच व्यासाचं, भोवती १६ कम्बशन चेंबर, मागे एकच टर्बाइन. आजच्या इंजिनापुढे अगदी साधं, आणि हेच त्याचं सौंदर्य आहे. चेंबर एकेक करून काढता येतात, आतल्या नळ्यांना तडे, जळके डाग बघायचे. टर्बाइनच्या पात्यांची लांबी मोजायची, कारण उष्णतेत फिरून फिरून पातं हळूहळू लांबतं आणि मग बाहेरच्या कडीला घासतं. बोरस्कोप (आत डोकावून बघायची बारीक नळी) घाला, चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. इंधन पंप आणि कंट्रोल युनिट मात्र स्वतः उघडू नका, ते त्या कामाची रिग असलेल्या वर्कशॉपलाच द्या.

पहिल्यांदा चालू करताना विमान साखळीने बांधा, चाकांना ठोकळे, नाक वाऱ्याच्या दिशेला, जमीन झाडून काढलेली, एक खडा सुद्धा नको. व्हॅम्पायरचा धूर निघायचा पाइप जमिनीच्या फार जवळ असतो, त्यामुळे मागे डांबर नको, काँक्रीट पाहिजे. हवा आत घ्यायच्या जागा पंखाच्या मुळाशी आहेत, तिथे कुणी उभं राहायचं नाही, टोपी सुद्धा डोक्यावर नको. आधी इंधन न देता नुसतं स्टार्टरने फिरवा, तेलाचं प्रेशर बघा. मग इग्निशन बंद ठेवून इंधन द्या आणि गळती बघा, आणि मग ते साठलेलं इंधन पूर्ण निथळू द्या, हे निथळणं घाईत राहून गेलं तर पुढच्या स्टार्टला मागून मोठी ज्वाळा निघते. मग खरा स्टार्ट. एकाने डोळे फक्त जेट पाइपच्या तापमानावर ठेवायचे, ते मर्यादेकडे पळायला लागलं की इंधन बंद, चर्चा नाही. फायरवाले CO₂ चा सिलिंडर घेऊन तयार. थ्रॉटल अगदी हळू, या जुन्या इंजिनांना आजच्यासारखं आपोआप सांभाळून घेणारं कंट्रोल नसतं, एकदम ढकलला तर इंधन जास्त, हवा कमी, आणि तापमान वर जातं किंवा इंजिन विझतं. कमाल फेरे मिनिटाला १०,२०० च्या आसपास, तिथपर्यंत पहिल्याच दिवशी जायची काही गरज नाही. प्रत्येक रननंतर फिल्टर काढून पांढऱ्या कपड्यावर ओतून बघा, धातूचा चुरा आहे का.

टॅक्सी टेस्टमध्ये ब्रेक शिकायला लागतात. ते हवेच्या प्रेशरवर चालतात, लिव्हर स्टिकवर असतो, आणि पुढचं चाक मोकळं फिरतं म्हणून वळायचं ते एका बाजूचा ब्रेक लावून. हवेच्या प्रेशरचा काटा सतत बघत राहायचा, कारण ब्रेक वापरून वापरून ते संपलं तर विमान थांबवायला दुसरं काही नाही.

यानंतर रंग. रंगाचं वजन धरून मगच विमान तराजूवर चढवा आणि गुरुत्वमध्य काढा, आधी वजन करून मग रंग लावला तर सगळं परत करावं लागतं. ज्या स्क्वाड्रनचा रंग देणार तिचे जुने फोटो बघून, तिथल्या माणसांना विचारून द्या, त्यांना त्याचं खूप असतं.

पहिलं उड्डाण करणारा पायलट या जातीच्या जेटवर आधी उडालेला पाहिजे. तुम्ही पैसे घातलेत म्हणून तुम्ही नाही. लांब रनवे, स्वच्छ हवा, कमी वारा, खाली वस्ती नसलेला भाग, आणि इंधनाचा हिशोब उलटीकडून, म्हणजे उतरताना किती शिल्लक पाहिजे ते आधी ठरवून, कारण ही इंजिनं खालच्या उंचीवर केरोसीन भराभर पितात. कार्यक्रम छोटा ठेवायचा, चढायचं, कंट्रोल तपासायचे, विमानतळाच्या वरच चाकं आणि पंखाचे फ्लॅप खाली घेऊन कमी वेगात कसं वागतं ते बघायचं, आणि उतरायचं. कसरती नाहीत, प्रेक्षकांवरून फेरी नाही.

उतरल्यावर फोटो काढून झाले की लगेच सगळी पॅनेल उघडा. गळती, सैल नट, गरम झालेल्या जागा, लाकडावर नवीन सुरकुती किंवा रंगाला केसाएवढा तडा, सगळं लिहा. पायलटकडून तिथेच, डोक्यात ताजं असताना, काय काय वेगळं वाटलं ते ऐकून घ्या. यादीतलं एकेक काम सही होऊन बंद झालं की दुसरं उड्डाण. मधल्या काळात विमान आतच, इंजिनाची तोंडं झाकलेली, कॉकपिटमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, आणि मॉइश्चर मीटरचं तेच जुनं चौकोन आखलेलं रजिस्टर दर महिन्याला भरायचं, कारण ते आकडे वर सरकायला लागले की पुढचं काम कुठून सुरू करायचं ते तिथेच कळतं.